केसांची गोळी आणि लग्नाची तारीख

आलेला प्रश्न थोडक्यात असा. वय २९, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. कपाळावरचे केस मागे सरकले, टाळू दिसायला लागली, म्हणून चार महिन्यांपासून फिनास्टेराइड १ मिलिग्रॅमची रोज एक गोळी आणि रात्री डोक्याला स्प्रे. लग्न ठरलंय, तारीख दोन महिन्यांवर. पंधरा दिवसांपूर्वी मित्राने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, त्यात म्हणे ‘ही गोळी घेणारा कायमचा नामर्द होतो’. तेव्हापासून झोप उडालीय आणि ‘पहिल्यासारखं वाटत नाही’. गोळी बंद करू का? बंद केली तर लग्नापर्यंत केस राहतील का? आणि हे होणाऱ्या बायकोला सांगायचं का?

सोलापुरात त्वचारोगाची प्रॅक्टिस करून मला दोन तपं होत आली. आमच्या पाटीवर ‘त्वचा, केस व गुप्तरोग’ असं एकाच ओळीत लिहिलेलं असतं, पण माणसं मात्र केसांसाठी येतात, केसांबद्दलच बोलतात, फी देतात, उठतात आणि दाराशी जाऊन चपलेत पाय घालता घालता हळूच म्हणतात, “डॉक्टर, मी ती गोळी घेतलो की, त्यानं तिकडं काय होत नाही न्हवं?” खरा प्रश्न तोच असतो. तुम्ही तो आधीच विचारलात, बरं केलंत.

होतं का? होऊ शकतं. फार थोड्यांना होतं, बहुतेकांचं गोळी बंद केल्यावर जातं, काही जणांचं मात्र रेंगाळतं. ‘काहीच होत नाही’ म्हणणारा दुकानदार आणि ‘कायमचा नामर्द’ म्हणणारा व्हिडिओवाला, दोघांनीही तुम्हाला अर्धवट सांगितलंय.

आधी गोळी करते काय ते बघू. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन संशोधकाने दाखवलं की वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण काढले गेले त्यांना टक्कल पडत नाही, पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस जायला लागतात. म्हणजे दोन गोष्टी लागतात, वारसा आणि पुरुषी हार्मोन. नंतर कळलं की टेस्टोस्टेरॉनचं शरीरात एका एन्झाइममुळे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन होतं. आपण त्याला डीएचटी म्हणू. कपाळ आणि टाळूवरच्या केसांची मुळं हे डीएचटी बारीक करत नेतं. कानामागच्या केसांना ते काही करत नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसाचीही मागची झालर शाबूत असते.

१९७४ साली डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावच्या काही मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या मुलांत जन्मतःच ते एन्झाइम कमी होतं. जन्मल्यावर ती मुलगी म्हणून वाढवली गेली, वयात येताना मात्र आवाज फुटला, स्नायू भरले, मुलगे झाले. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची पुरुषांतली ग्रंथी, लहानच राहिली आणि कपाळावरचे केस मागे गेले नाहीत. औषध कंपनीने इथूनच धागा उचलला. फिनास्टेराइड त्या एन्झाइमला अडवतं. १९९२ मध्ये ते अमेरिकेत प्रोस्टेट वाढीसाठी ५ मिलिग्रॅममध्ये आलं आणि १९९७ मध्ये टकलासाठी १ मिलिग्रॅममध्ये. रक्तातलं डीएचटी त्याने साधारण ७० टक्क्यांनी उतरतं. टेस्टोस्टेरॉन उतरत नाही, उलट थोडं वाढतंच. पुरुषाची इच्छा, स्नायू, आवाज हे मुख्यतः टेस्टोस्टेरॉनवर चालतं, म्हणूनच गोळी घेणाऱ्या बहुतेकांना काही जाणवत नाही. पण डीएचटीलाही कामं आहेत, मेंदूतल्या काही रसायनांची घडणही याच एन्झाइमवर अवलंबून असते, आणि प्रत्येकाची ठेवण सारखी नसते. म्हणून काहींना जाणवतं.

किती जणांना? टकलासाठी मंजुरी मिळाली त्या वेळच्या चाचण्यांचे आकडे औषधाच्या माहितीपत्रकात छापलेले आहेत. वर्षभर गोळी घेणाऱ्यांपैकी इच्छा कमी झाल्याचं १.८ टक्के जणांनी सांगितलं, साखरेची खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी १.३ टक्के. ताठरपणाची तक्रार १.३ टक्के, खोट्या गोळीवर ०.७ टक्के. स्खलनाची तक्रार १.२ टक्के, खोट्या गोळीवर ०.७. सगळं मिळून ३.८ विरुद्ध २.१. म्हणजे शंभरातल्या साधारण चौघांना तक्रार, आणि त्यातल्या दोघांना ती साखरेच्या गोळीवरही झालीच असती. आता केसांच्या बाजूचा आकडा: दोन वर्षांनी मोजदाद केली तेव्हा गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के जणांची टाळूवरची केसांची संख्या टिकलेली किंवा वाढलेली होती, न घेणाऱ्यांत २८ टक्के. गोळी काम करते यात मला शंका नाही. मी स्वतः ती लिहून देतो.

पण चाचणीतले पुरुष निवडलेले असतात, आणि बाजारात आल्यावर लाखो लोक घेतात तेव्हा वेगळंही दिसतं. गोळी बंद केल्यावरही तक्रारी टिकून राहिल्याचं इतक्या जणांनी कळवलं की २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियंत्रण संस्थेने, तसं माहितीपत्रकात घालायला लावलं. २०२२ मध्ये तिथेच आत्महत्येच्या विचारांबद्दलचा इशारा आला. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये गोळीच्या पाकिटातच रुग्णासाठी इशाऱ्याचं कार्ड घालायचं ठरलं, आणि २०२५ मध्ये युरोपीय औषध संस्थेने आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. ज्याने गोळी दिली त्याने हे दोन मिनिटांत सांगायला हवं होतं, म्हणून सांगतो. ज्याला आधी नैराश्य येऊन गेलंय, ज्याची झोप-मन आधीच विस्कटलेलं आहे, त्याला मी ही गोळी देत नाही. टक्कल घेऊन जगता येतं.

बंद केल्यावरही महिनोन्‌महिने टिकणाऱ्या तक्रारींना ‘पोस्ट-फिनास्टेराइड सिंड्रोम’ असं नाव पडलंय. तो नेमका कशामुळे यावर तज्ज्ञांत वाद आहे. काहींच्या मते सगळा मनाचा खेळ, काहींच्या मते मेंदूतली रसायनं बिघडतात. माझ्या पेशंटांत असे दोनच सापडले, पण त्या दोघांना ‘तुम्हाला वाटतंय तसं’ असं म्हणून परत पाठवणं मला जमलं नाही. त्यातला एक मुलगा गोळी सोडून दीड वर्ष झालं तरी येत होता. रिपोर्ट सगळे नॉर्मल. तो खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही.

आता मनाचा भाग, कारण तुमच्या पत्रात मला तोच मोठा दिसतो. इटलीत प्रोस्टेटच्या रुग्णांवर एक प्रयोग झाला, २००७ मध्ये छापून आला. सगळ्यांना फिनास्टेराइड ५ मिलिग्रॅम दिलं. अर्ध्यांना आधीच सांगितलं की लैंगिक तक्रारी येऊ शकतात, अर्ध्यांना त्याबद्दल काही सांगितलं नाही. सांगितलेल्यांपैकी ४३.६ टक्के जणांना तक्रार आली, न सांगितलेल्यांपैकी १५.३ टक्के जणांना. औषध तेच, डोसही तोच. तुम्ही चार महिने गोळी घेत होतात आणि काही नव्हतं. व्हिडिओ बघितला आणि पंधरा दिवसांत ‘पहिल्यासारखं’ राहिलं नाही. मी असं म्हणत नाही की गोळीचा संबंध नाहीच, कारण त्रास पहिल्या काही महिन्यांत सुरू होऊ शकतो. पण तारखा मांडल्या की संशय आधी व्हिडिओवर जातो.

एक साधी गोष्ट बघा. पहाटे जाग येते तेव्हा ताठरपणा असतो का? झोपेत स्वप्नांच्या टप्प्यात तो रात्रीत तीन ते पाच वेळा आपोआप येतो, त्याला मनाची परवानगी लागत नाही. पहाटे तो पूर्वीसारखा येत असेल तर नसा, रक्तवाहिन्या, हार्मोन बऱ्यापैकी जागेवर आहेत. जागेपणी घोळ होत असेल तर तो काळजीचा आहे. पहाटेचाही नाहीसा झाला असेल तर मग तपासायला हवं. मी पेशंटला सांगतो, आठवडाभर फक्त ध्यानात ठेवा, डायरी काढून बसू नका. एक जण वहीत वेळा आणि मिनिटं लिहून घेऊन आला होता. त्याला ती वही कपाटात ठेवायला सांगितली, तेच औषध झालं.

दुसरी भीती वीर्याची. आपल्याकडे ही फार खोल गेलेली आहे. ‘वीर्य पातळ झालं’, ‘धातू जातो’, ‘शंभर थेंब रक्ताचा एक थेंब’ हे ऐकत मुलं मोठी होतात. हायवेच्या कडेला तंबू टाकून बसणाऱ्या जडीबुटीवाल्यांचा सगळा धंदा त्यावर चालतो. फिनास्टेराइड घेणाऱ्या काहींना वीर्य कमी किंवा पाण्यासारखं वाटतं, आणि त्याचं कारण सरळ आहे. वीर्यातला बहुतेक भाग प्रोस्टेट आणि शुक्राशयाचा रस असतो. वृषणातून येणारा भाग, म्हणजे शुक्राणू, जेमतेम २ ते ५ टक्के. डीएचटी कमी झालं की प्रोस्टेट आवरते आणि रस कमी होतो. म्हणजे टाकीतलं पाणी थोडं कमी झालं, मोटर जळाली नाही. १ मिलिग्रॅमवर हा फरक बहुतेकांत इतका लहान असतो की मोजल्याशिवाय कळत नाही. वीर्य पातळ दिसणं आणि ताकद जाणं यांचा काही संबंध नाही. रक्ताच्या शंभर थेंबांचं गणित कुणी मांडलं देव जाणे.

मूल होण्याचं मात्र वेगळं बघावं लागतं. गोळीमुळे काही जणांचे शुक्राणू घटल्याचं आढळलंय, विशेषतः ज्यांचे आधीच काठावर होते त्यांचे, आणि बंद केल्यावर ते सुधारल्याचंही. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. लग्नानंतर वर्ष-दीड वर्षात पाळणा हलला नाही आणि तपासणीत संख्या कमी आली, तर मी गोळी थांबवून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायला लावतो.

आता मला खटकलेली गोष्ट. तुम्ही गोळीचं नाव लिहिलंत, डोस लिहिलात, आणि दुसऱ्याबद्दल नुसतं ‘स्प्रे’. त्यात काय आहे?

मागच्या पावसाळ्यात जुळे सोलापुरातला एक मुलगा आला होता. तक्रार तुमच्यासारखीच. “गोळी वगैरे काय घेत नाही ओ, नुसतं वरून लावतो. वरून लावलेलं आत कसं जाईल?” पिशवीतून त्याने बाटली काढली. पांढरी, बोटभर उंच, समोर एका हसऱ्या माणसाचं दाट डोकं. मागच्या बाजूचं लेबल तेल लागून सुटलेलं. मी चष्मा कपाळावर सरकवून बाटली ट्यूबलाइटखाली धरली. मुंगीएवढ्या अक्षरांत होतं: मिनॉक्सिडिल ५ टक्के, फिनास्टेराइड ०.१ टक्का. आणि तो ते दिवसातून दोनदा, सहा-सहा फवारे मारून, वर टोपी घालून कामावर जात होता. म्हणजे फिनास्टेराइड तो घेत होताच, फक्त तोंडाने नव्हे. डोक्याला लावलेलं फिनास्टेराइड गोळीपेक्षा कमी, पण रक्तात जातं आणि डीएचटी उतरवतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा तयार करून विकल्या जाणाऱ्या लावायच्या फिनास्टेराइडबद्दल वेगळा इशारा काढला. २०१९ ते २०२४ या काळात त्यांच्याकडे ३२ तक्रारी आल्या होत्या, त्यात ताठरपणा, इच्छा, झोप, नैराश्य सगळं होतं. त्या लोकांपैकी काहींना वरून लावायचं म्हणून ते निर्धोक वाटलं होतं.

तुमच्या स्प्रेतही ते असेल तर तुम्ही दोन वाटांनी एकच औषध घेताय. असे मिश्र स्प्रे आपल्याकडे सर्रास मिळतात. नाव केसांचं टॉनिक, पण पोटात हार्मोनचं औषध. मला गोळीपेक्षा या बिननावाच्या बाटल्यांची भीती जास्त वाटते, कारण गोळी घेणारा निदान सावध असतो.

नुसतं मिनॉक्सिडिल असेल तर लैंगिक बाबतीत निश्चिंत राहा. ते मूळचं रक्तदाबाचं औषध. पोटात घेणाऱ्यांच्या अंगावर केस उगवायला लागले म्हणून ते डोक्याला लावून बघितलं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत केसांसाठी मंजूर झालं. हार्मोनला ते हातच लावत नाही. सुरुवातीचे काही आठवडे केस जास्त गळतात, त्याला घाबरून अर्धे लोक सोडून देतात. डोकं खाजतं. हल्ली ते कमी डोसमध्ये गोळी म्हणूनही देतात, त्यात पायाला सूज, धडधड, चक्कर येऊ शकते. पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्ताची इंजेक्शनं, आणि हेअर ट्रान्सप्लांट यांनीही ‘तिकडं’ काही होत नाही. पण ट्रान्सप्लांटनंतर जुने केस टिकावेत म्हणून बहुतेक ठिकाणी फिनास्टेराइड सुरू करतात, ते विचारून घ्या. कीटोकोनाझोलचा, म्हणजे कोंड्यावरच्या औषधाचा, शाम्पू लावायला हरकत नाही. बायोटिनने टक्कल थांबत नाही, वर थायरॉइड आणि हृदयाच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकतात. सॉ पाल्मेटो या वनस्पतीचा अर्क असलेल्या ‘हर्बल’ गोळ्या तेच एन्झाइम थोडंफार अडवतात, म्हणजे हर्बल आहे म्हणून हार्मोनशी संबंध नाही असं समजू नका.

ड्युटास्टेराइड हे फिनास्टेराइडच्याच जातीचं औषध, पण वेगळं प्रकरण. ते एन्झाइमचे दोन्ही प्रकार अडवतं, डीएचटी ९० टक्क्यांहून अधिक उतरवतं आणि शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळतं. ते घेणाऱ्याने बंद केल्यावर सहा महिने रक्तदान करायचं नसतं, फिनास्टेराइडला एकच महिना. लग्न, मुलं डोळ्यासमोर असलेल्या तरुणाला मी ते सहसा देत नाही. तुमच्या पाकिटावर हे नाव निघालं तर लगेच कळवा.

आणि पाण्याला दोष देऊ नका. सोलापुरात निम्मे लोक म्हणतात, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तोवर बोअरच्या खाऱ्या पाण्याने केस गेले. खाऱ्या पाण्याने केस राठ होतात, तुटतात, चिकट होतात. कपाळ मागे सरकत नाही.

आता जे कुणी विचारत नाही ते. माझ्याकडे ताठरपणाची तक्रार घेऊन येणाऱ्यांत गोळीमुळे त्रास झालेले बोटावर मोजण्याइतके. बाकीच्यांच्या गालात मावा असतो. तंबाखू रक्तवाहिन्या आवळते, आणि हृदयाच्या नळीआधी ती बारीक नळ्यांवर परिणाम दाखवते, तिकडच्या नळ्या तर बारीकच. मग साखर. पस्तिशीतले कारखानदार, ट्रान्सपोर्टवाले येतात, ‘केसांच्या औषधाने झालं’ म्हणतात, आणि एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, काढली की नऊ. दारू, लठ्ठपणा, रात्रपाळी. रात्रपाळीत आठवड्याआड झोप उलटीपालटी होते, आणि टेस्टोस्टेरॉन झोपेतच भरून येतं. म्हणून ती तपासणी करायची तर सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, झोप झालेली असताना. रात्रपाळी करून सरळ लॅबमध्ये जाऊन काढलेला आकडा कमी आला म्हणून घाबरलेले दोन जण मी बघितलेत.

तालमीत किंवा जिमला जात असाल तर आणखी एक विचारतो: कुणी ‘बॉडी बनवायचं’ इंजेक्शन दिलंय का? बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो. शुक्राणू घटतात, वृषण लहान होतात, आणि घराण्यात टक्कल असेल तर केसही जोरात जातात. मग तोच मुलगा केसांची गोळी घेतो आणि सगळा आळ त्या गोळीवर येतो.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो.

गोळी आजपासून बंद करा. ती वाईट आहे म्हणून नव्हे. तुमच्या डोक्यात शंका शिरलीय, लग्न दोन महिन्यांवर आहे, आणि रोज गोळी गिळताना तुम्ही स्वतःवर पाळत ठेवणार. त्या पाळतीखाली कुणाचंच धड चालणार नाही. हळूहळू कमी करत न्यायची गरज नाही, सवय लागणारं औषध नाही. डीएचटी साधारण दोन आठवड्यांत पूर्ववत होतं. स्प्रेत फिनास्टेराइड असेल तर तोही बंद, त्याऐवजी नुसतं मिनॉक्सिडिल ५ टक्के लावा. दोन्ही सोडल्यावर महिन्याभरात मोकळं वाटलं तर दोष गोळीचा होता की भीतीचा हे कदाचित कधीच कळणार नाही, आणि कळायला हवंच असंही नाही. पुढे कधी गोळी परत सुरू करायची का, ते लग्नानंतर सहा-आठ महिन्यांनी निवांत ठरवू.

केस लगेच जात नाहीत. गोळीने मिळालेला फायदा हळूहळू, वर्षभरात ओसरतो. दोन महिन्यांत आरशात फरक दिसला तर तो तुमच्या नजरेचा असेल. आणि लग्नाच्या दिवशी डोक्याला फेटा आणि कपाळाला मुंडावळ्या असतात हो, फोटोत टाळू शोधणार कोण?

मित्राकडून ‘त्या रात्रीसाठी’ निळी गोळी घेऊ नका. सिल्डेनाफिल चांगलं औषध आहे, मी लिहूनही देतो, पण कुणाला ते विचारून. नायट्रेटची, म्हणजे छातीत दुखण्यावरची औषधं चालू असतील तर ते जिवावर बेततं, आणि मिनॉक्सिडिलची गोळी चालू असेल तर रक्तदाब घसरून माणूस जागीच बसतो. तंबूतल्या पुड्यांमध्येही बऱ्याचदा हेच भरड करून घातलेलं असतं, फक्त किती ते कुणाला माहीत नसतं.

पहिल्या रात्रीबद्दल एवढंच सांगतो की त्या रात्री बऱ्याच जणांना काही जमत नाही. हळद, देवक, वरात, जागरण-गोंधळ, पाहुण्यांनी भरलेलं घर, पलीकडच्या खोलीत आत्याबाई जाग्या. तुळजापूरला जोडीने दर्शन करून येईपर्यंत घर थोडं रिकामं होतं आणि गाडी रुळावर येते. गोळी न घेणाऱ्यांचंही असंच असतं. ती रात्र म्हणजे परीक्षा धरून बसलात तर नापास होण्याची सोय तुम्हीच करताय.

बायकोला सांगायचं का? सांगा, पण ‘मला काहीतरी झालंय’ असं नव्हे. ‘केसांसाठी गोळी घेत होतो, सध्या बंद केलीय, पुढे परत घेईन कदाचित’ इतकं पुरे. सांगायचं आणखी एक कारण आहे आणि ते तिच्यासाठी महत्त्वाचं आहे. बरेच जण पैसे वाचवायला ५ मिलिग्रॅमची गोळी आणून ब्लेडने चार तुकडे करतात. एका जोडप्याच्या घरी हे काम बायको करायची, पोळपाटावर, आणि तिला तिसरा महिना होता. गरोदर बाईने ही तुटलेली गोळी किंवा तिची भुकटी हाताळू नये, पोटातलं मूल मुलगा असेल तर त्याच्या लिंगाच्या घडणीवर परिणाम होऊ शकतो. अख्ख्या, वरून आवरण असलेल्या गोळीला हात लागला तर धोका नाही, वीर्यातून जाणारं प्रमाणही नगण्य असतं. पण तुकडे करणं बंद, आणि पाकीट स्वयंपाकघरात ठेवणं बंद.

महिन्याभरात मन फार खाली गेलं, झोप येईना, जगण्यात रस वाटेना असं झालं तर लग्नाच्या तयारीची सबब न सांगता त्याच दिवशी दाखवा, मला किंवा सिव्हिलच्या मानसोपचार विभागात. पहाटेचा ताठरपणा महिन्यानंतरही नसेल तर सकाळचं टेस्टोस्टेरॉन, साखर, थायरॉइड, प्रोलॅक्टिन काढून घेऊ, त्याला एकदाच रक्त द्यावं लागतं.

चौथ्या आठवड्यात या. येताना गोळीचं पाकीट आणि स्प्रेची बाटली दोन्ही आणा. बाटलीवरचं लेबल सुटायला आलं असेल तर आजच चिकटपट्टी लावा.